गाडीच्या पोटाखालचा पोचा

माझं गॅरेज कोरेगावात होतं. आता तिथं मोबाईलचं दुकान आहे. सैन्यातल्या वर्कशॉपमधून पेन्शनीवर आलो तेव्हा गॅरेज टाकलं आणि गुडघे गेले तेव्हा बंद केलं. पण लोक मला गॅरेजसाठी ओळखत नाहीत. जुनी गाडी घ्यायची म्हटलं, की साताऱ्यापासून सांगलीपर्यंतची माणसं मला बरोबर घेऊन जायची. "इलास मिस्त्री व्हय म्हणाले" एवढा निरोप घरी गेला, की बायका ओवाळायचं ताट काढून ठेवायच्या.

पारखायचं काम बाहेरून दिसतं तितकं अवघड नाही. सकाळी लवकर जायचं, गाडी थंड असताना. गेल्या गेल्या बॉनेटवर तळहात ठेवायचा. गरम लागला तर विकणाऱ्यानं आधीच चालू करून ठेवली आहे, म्हणजे थंडपणी ती चालू व्हायला त्रास देते. मग ऑइलचं झाकण काढून आतून बोट फिरवायचं, पांढरट साय लागली तर ऑइलात पाणी उतरलेलं असतं. दरवाज्याच्या बिजागरीचे बोल्ट बघायचे. त्यांच्या डोक्यावरचा रंग उडालेला असला, तर दरवाजा कधीतरी उतरवलेला आहे. शेवटी इंजिन चालू करून डोळे मिटायचे. इंजिन आपलं दुखणं स्वतः सांगतं, फक्त ऐकणाऱ्याला घाई नको.

सांगलीत पूर येऊन गेला, की दोन-तीन महिन्यांनी बाजारात चकचकीत गाड्या बऱ्याच स्वस्तात येतात. लोणंदचे एक कांद्याचे व्यापारी अशाच एका गाडीवर भाळले होते. गाडी आतून-बाहेरून धुतलेली, अत्तर मारलेलं, इंजिन व्यवस्थित. मी मागच्या सीटवर बसलो आणि सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला. बेल्ट कोणी पूर्ण ओढत नाही, त्यामुळे धुणाऱ्यानंही ओढला नव्हता. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर नदीचा राखाडी गाळ वाळून बसला होता. मी पट्टा तसाच धरून ठेवला. एजंट म्हणाला, "चा घेणार का?" व्यापारी म्हणाले, "न्हाई. आमी निगतो."

माणच्या बाजूचे एक गृहस्थ होते, त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. पहिल्यांदा गाडी घेत होते. मी इंजिन बघत होतो तोवर त्यांनी आईला आणून उभं केलं. म्हातारी नऊवारीत, पायात पितळी कडी. ती गाडीत चढली, बसली, उतरली. असं तीन गाड्यांबरोबर केलं. तिसरीतून उतरताना म्हणाली, "हिच्यात मला वाकावं लागंना." झालं. माझं मत त्यांनी विचारलंच नाही, आणि त्यांचं बरोबर होतं.

हे सगळं सांगायचं कारण असं, की पुढं जे सांगणार आहे त्यात मी चांगला दिसत नाही. आधी थोडा बरा दिसून घ्यावा असं वाटलं.

बॅटरीवरच्या गाड्या आमच्याकडं आल्या तेव्हा मी त्यांना हसलो होतो. एकदा रहिमतपूरच्या एका मास्तरांनी तशी एक जुनी गाडी बघायला नेलं. मी सवयीनं बॉनेटवर तळहात ठेवला. गार. चालू करायला सांगितली आणि डोळे मिटून उभा राहिलो. बराच वेळ काही ऐकू येईना म्हणून म्हणालो, "करा की चालू." मास्तर म्हणाले, "मिस्त्री, कवाची चालू हाय." तिथं उभे असलेले चार लोक हसले. मीही हसलो. पण घरी येईपर्यंत माझा कान मला माझा वाटेना.

त्याच सुमारास कुंडलच्या वैशालीताईंचं नाव कानावर यायला लागलं. वडिलांचं मोटार भरायचं दुकान होतं. उसाच्या पट्ट्यात प्रत्येक विहिरीवर पंप, आणि जळालेल्या मोटारींना नवी तार भरून देणारी दुकानं गावोगावी. वैशाली तिथंच वाढली, आयटीआयला वीजतंत्रीचा विषय शिकवला, नोकरी सोडून परत दुकानात बसली आणि बघता बघता बॅटरीच्या गाड्या पारखायला लागली. वयानं माझ्या निम्म्यापेक्षा थोडी जास्त. एका गिऱ्हाइकानं मला फोन करून सांगितलं, "मिस्त्री, तुमी नगा तरास घिऊ. कुंडलच्या ताई येनार हायती." फोन ठेवला आणि दिवसभर मला जेवण गोड लागलं नाही.

मग मी चौकशा करायला लागलो. ताईंनी कुठली गाडी बघितली, पुढं ती बिघडली का. बिघडल्याची एकही बातमी यायची नाही. लोक सांगायचे, ताई छापील कागद देतात, फोटोसकट. मी तोंडी सांगायचो. लोक सांगायचे, ताई उगाच घाबरवत नाहीत. म्हणजे मी घाबरवायचो? असं करत करत, जिला मी पाहिलंही नव्हतं त्या बाईशी मी मनात रोज भांडायला लागलो.

हे चालू असताना एक दिवस सुभेदारांचा फोन आला.

सुभेदार माझे तीस वर्षांचे मित्र. कोरेगावापासून पाच-सहा किलोमीटरवर त्यांचं गाव, ऊसशेती. पलटणीतून रिटायर होऊन आले तेव्हा पहिली जीप मी बघून दिली. तेव्हापासून त्यांच्या दारात उभी राहिलेली प्रत्येक गाडी माझ्या हाताखालून गेलेली. त्यांच्या पत्नी शालनवहिनी. मला दादा म्हणतात. दोन वर्षांपूर्वी वहिनींच्या किडन्या निकामी झाल्या आणि आठवड्यातून दोनदा साताऱ्याला डायलिसिस सुरू झालं. जाताना ठीक असायच्या. पण चार तास मशीनवर काढून परत येताना अंगात जीव नसायचा, त्यात डिझेल गाडीची थरथर आणि वास. दर खेपेला वाटेत गाडी थांबवून वहिनी रस्त्याच्या कडेला बसून उलटी करायच्या.

"इलास," सुभेदार म्हणाले, "आवाज न करनारी गाडी पायजे. सांगलीला एक बघितलीया लेकीनं. डॉक्टरची हाय. ते पोराकडं परदेशी निगालेत."

ती गाडी म्हणजे बड्या परदेशी कंपनीची, बॅटरीवरची. लांबीला छोटी पण उंच, आत मऊ कातडी सीट, ती मागं रेलते, उन्हाळ्यात गार होते. आमच्या भागात अशी एखाद-दुसरीच. मी म्हणालो, "कवा जायाचं?"

"रविवारी. आन्‌ ऐक, ताईंना बी बोलावलंय. कुंडलच्या. बॅटरीचं त्या बघतील, बाकीचं तू बघ."

बाकीचं. तीस वर्षांनी माझ्या वाट्याला बाकीचं आलं.

सांगलीला विश्रामबागेत डॉक्टरांचा बंगला. आम्ही पोचलो तर दारात एक लहानशी बॅटरीचीच गाडी उभी, आणि तिच्यातून सुती ड्रेस, पायात बूट, केसांचा अंबाडा अशी एक बाई उतरली. पुढं येऊन तिनं आधी मला नमस्कार केला. "मिस्त्रीकाका ना? आमच्या दुकानात तुमचं नाव निघतं. त्या पुरातल्या गाडीचा बेल्ट तुम्हीच ओढला होता." मी हसलो. मला ती उद्धट निघायला हवी होती.

तिनं काम सुरू केलं. स्टिअरिंगखाली एका खाचेत काडेपेटीएवढं यंत्र लावलं आणि हातातल्या पाटीएवढ्या पडद्यावर आकडे यायला लागले. सुभेदारांनी विचारलं, "हे काय म्हनतंय?" तर तिनं असं समजावलं, की मलाही न मागता समजलं. बॅटरी म्हणजे शेकडो लहान सेल एकत्र बांधलेले. सगळ्यांचा विजेचा दाब सारखा असला तर बॅटरी धडधाकट. एखादा मागं पडला, की तो सगळ्यांना मागं ओढतो. दुसरी गोष्ट, बॅटरीतली वीज गाडीच्या पत्र्यात उतरता कामा नये. "विहिरीवरच्या मोटारीत ओल शिरली की हात लावल्यावर झटका बसतो ना आबा, तसंच. इथं झटका बसत नाही, गाडी आधीच स्वतःला बंद करून घेते." सुभेदारांना तिनं आबा करून टाकलं होतं, पंधरा मिनिटांत.

आम्ही मिरजेच्या रस्त्याला गाडी चालवून बघितली. खोटं कशाला बोलू, तशी गाडी मी आयुष्यात चालवली नव्हती. खड्डा आला तर कळायचा, पण लागायचा नाही. मी जन्मभर दुसऱ्यांसाठी गाड्या निवडल्या, स्वतः मात्र पंधरा वर्षं एकाच डिझेल गाडीला टाके घालत फिरतोय. सुभेदार मागं रेलून बसले होते आणि म्हणत होते, "शालन झोपंल हिच्यात." मला चांगलं वाटायला हवं होतं. मला सुभेदारांचाही हेवा वाटला, हे आज लिहिताना हात अडतो, पण वाटला.

इंजिनाचा आवाज नसल्यामुळे एक गंमत झाली. मागच्या डाव्या चाकातून बारीक घोंघावणं ऐकू आलं. बेअरिंग जात होतं. डिझेलच्या गाडीत ते माझ्याही कानाला लागलं नसतं. मी सांगितलं. वैशालीनं काच खाली करून ऐकलं, पुन्हा वर करून ऐकलं, म्हणाली, "मला नाही येत ऐकू काका. पण तुम्ही म्हणताय तर असणार," आणि तिच्या कागदावर लिहिलं. त्यापुढं कंसात माझं नाव घातलं. त्यानं मला बरं वाटायचं सोडून जास्तच टोचलं. ती मला मान देत होती, आणि मान ज्याच्याकडं असतो तोच दुसऱ्याला देऊ शकतो.

शेवटचं काम खालून बघायचं. जवळच एका टायरवाल्याकडं गाडी उचलायचं यंत्र होतं. गाडी वर घेतली. या गाड्यांची बॅटरी पोटाखाली सपाट पसरलेली असते, खालून जाड पत्रा. वैशाली म्हणाली, "काका, खालचं तुमच्यासारखं मला दिसणार नाही. पत्र्याला कुठं मार असला तर हाक मारा, मी येते." आणि ती सुभेदारांना घरी चार्जिंगची जोडणी कुठं आणि कशी घ्यायची ते सांगायला बाजूला गेली.

मी टॉर्च घेऊन गाडीखाली उभा राहिलो. पुढच्या डाव्या कोपऱ्यात, चाकाच्या मागं, पत्र्याला पोचा होता. तळहाताएवढा. एखाद्या उंच गतिरोधकावर किंवा दगडावर गाडी टेकली असणार. डॉक्टरांना माहीतही नसेल, त्यांचा ड्रायव्हर बोलला नसेल. नुसता पोचा असता तर चाललं असतं. पण पत्र्याच्या कडेनं पाणी आत जाऊ नये म्हणून जो चिकट पट्टा भरतात, त्याला तिथं तडा गेला होता. आणि शेजारच्या सात बोल्टांची डोकी एकसारखी, आठव्याचं वेगळं. कोणीतरी तो बदलला होता. म्हणजे दुखणं कोणालातरी माहीत होतं, आणि वरवर दाबून टाकलेलं होतं.

हाक मारायला मी तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात सुभेदारांचा आवाज आला. हसत होते. "ताई, आता म्होरच्या समद्या गाड्या तुमीच बघायच्या. आमचा मिस्त्री दमला आता."

मी टॉर्च विझवला.

त्या क्षणी मी काय विचार केला हे मला पुष्कळदा विचारून बघावं लागलं आहे, स्वतःलाच. वहिनींचा विचार आला नाही, हे खरं. सुभेदारांचाही नाही. डोळ्यांपुढं फक्त तिचा तो छापील कागद होता, खाली तिची सही, आणि तो खोटा ठरलेला मला बघायचा होता. एकदाच.

"काय काका?" ती विचारत आली.

"काय न्हाई," मी म्हणालो. "साफ हाय."

तिनं वर बघितलंही नाही. माझ्या शब्दावर तिनं कागदावर खूण केली.

गाडी आली. वहिनींनी ओवाळली. पहिल्या खेपेला साताऱ्याहून परत येताना त्या खरोखरच झोपल्या. सुभेदारांनी मला फोन करून सांगितलं, "घर आलं तरी उठंना. आमी तासभर गाडी अंगणात तशीच उबी ठेवली." नंतर मी भेटायला गेलो तेव्हा वहिनी म्हणाल्या, "दादा, त्या ताईंनी लय चांगली गाडी बघून दिली. माजी उलटी बंद झाली बगा." मी म्हणालो, चांगलं झालं. आणि येताना गाडीच्या डाव्या कोपऱ्याशी वाकून बघितलं. चपलेचा बंद नीट करतोय असं दाखवून.

उन्हाळाभर काही झालं नाही. मी स्वतःची समजूत घातली, की पोचा किरकोळ होता, मी उगाच मोठा केला. जूनमध्ये एकदा सुभेदारांकडं चहाला गेलो, तेव्हा सांगायचं म्हणून गेलो होतो. पण तिथं त्यांचे पाहुणे आले होते आणि सुभेदार त्यांना ताईंचा कागद दाखवत होते. मी चहा पिऊन परत आलो.

जुलैत आठ-दहा दिवस रस्ते वाळलेच नाहीत. त्यात डायलिसिसच्या एका मशीनची दुरुस्ती निघाली आणि वहिनींची एक खेप चुकली. पुढच्या खेपेला जाताना त्यांचे पाय सुजलेले, धाप लागलेली. कोरेगावच्या रेल्वेपुलाखाली घोट्याएवढं पाणी साचलं होतं. गाडी त्यातून निघाली, किलोमीटरभर गेली, समोर लाल अक्षरं आली आणि ती रस्त्यातच थांबली. या गाड्या बंद पडल्या, की चाकं आवळून धरतात. ढकलताही येत नाही.

सकाळचे नऊ वाजले होते. सुभेदारांनी फोन मला केला, ताईंना नाही. "इलास, गाडी बंद पडली. शालन आत हाय. तिला दम लागलाय."

मी माझी जुनी डिझेल गाडी काढली. पोचलो तेव्हा वहिनी सीट मागं रेलून पडल्या होत्या, ओठ कोरडे, श्वास वरच्या वर. सुभेदार छत्री धरून उभे, आणि मागं अडकलेल्या गाड्यांचे हॉर्न. आम्ही दोघांनी त्यांना उचलून माझ्या गाडीत घातलं. सुभेदार मागं त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले. मी साताऱ्यापर्यंत गाडी कुठं थांबवली नाही. डॉक्टरांनी वहिनींना बघितल्या बघितल्या ऑक्सिजन लावला आणि मशीनवर घेतलं. बाहेर येऊन म्हणाले, अजून थोडा वेळ गेला असता तर फुप्फुसात पाणी भरलं असतं. सुभेदार खाली बाकावर बसले. सुभेदारांना मी कधी असं बसलेलं पाहिलं नव्हतं.

गाडी ट्रकवर घालून साताऱ्याला एका ओळखीच्या गॅरेजात नेली. तिसऱ्या दिवशी वैशाली कुंडलहून आली. यंत्र लावलं आणि म्हणाली, "पत्र्यात वीज उतरतेय. आत ओल गेली." गाडी वर उचलली. ती खाली गेली, पोचा बघितला, तडा बघितला. मग तो वेगळा बोल्ट. त्याच्यावर बोट ठेवून ती बराच वेळ उभी राहिली.

सुभेदार म्हणाले, "ताई, हे तवा कसं दिसलं न्हाई?" आवाज चढवला नाही त्यांनी. सैन्यातली माणसं चढवत नाहीत.

तिनं माझ्याकडं बघितलं. मी समोर होतो, चार पावलांवर. ती थांबली होती, मला बोलायला जागा देऊन. मी गाडीकडं बघत राहिलो.

"माझं चुकलं आबा," ती म्हणाली. "सही माझी आहे. खालचं मी स्वतः बघायला पाहिजे होतं."

सुभेदारांनी मान हलवली आणि बाहेर गेले. त्यानंतर महिनाभर मला फोन येत राहिले. कोरेगावातून, पुसेसावळीतून, अगदी पलूसमधूनही. "मिस्त्री, ताईंची एक गाडी फसली म्हनं. आमची तुमीच बघा." मला जे हवं होतं ते सगळं मिळालं. मी तीन गाड्या बघायला गेलोही. तिसऱ्या गाडीच्या बॉनेटवर तळहात ठेवला, आणि पुढं काय बघायचं ते मला आठवेना.

मग मी कुंडलला गेलो. दुकानात वैशाली एका पाणबुडी मोटारीत तार भरत बसली होती. मला बघून उठली, खुर्ची दिली, चहा सांगितला. मी म्हणालो, "मला तो पोचा दिसला हुता."

"माहीत आहे," ती म्हणाली. हातातली तार तिनं खाली ठेवली नाही. "वेगळा बोल्ट तुमच्या नजरेतून सुटेल, असं होणारच नाही. मी तिथंच ओळखलं."

"मग बोलली का न्हाईस?"

"काय बोलणार होते? सही माझीच होती ना." मग म्हणाली, "आबा दुखावले आहेत. त्यांना सांगा. मला सांगून उपयोग नाही."

मी विचारलं, "आता खालचं कोन बघतं?"

"मीच जाते खाली," ती म्हणाली. "शिकले. दुसऱ्या कोणाला नाही पाठवत."

चहा आला, मी प्यायलो. तिनं मला घालूनपाडून बोलायला हवं होतं. ती बोलली नाही, आणि मला त्याचाही हेवा वाटला. इतकं होऊनही ती माझ्यापेक्षा मोठी राहिली होती.

गाडी तोवर दुरुस्त झाली होती. वैशालीनंच पुण्याचा एक माणूस आणला, बॅटरी उतरवून उघडली, ओल्या झालेल्या जोडण्या बदलल्या, पत्रा नवा बसवला. सुभेदारांना तिनं याचं काही सांगितलं नव्हतं, फक्त गाडी आणून उभी केली होती. कुंडलहून मी सुभेदारांच्या अंगणात पोचलो तेव्हा ती तिथं दिसली, दुरुस्तीचं साताऱ्याच्या गॅरेजवाल्यानं नंतर सांगितलं. सुभेदार पायरीवर बसले होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. पोचा, तडा, बोल्ट, टॉर्च विझवलेला. ते मला "दमला" म्हणाले होते, तेही सांगितलं. सांगायला नको होतं, सारवासारव केल्यासारखं झालं.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "मी तसं म्हनलो हुतो?"

"व्हय."

"मला याद न्हाई." ते उठले. "इलास, मला सांगू नगंस. मी गाडीत न्हवतो मरत. जिला सांगायचं तिला जाऊन सांग." आणि आत गेले. दार लावलं नाही, पण परत बाहेरही आले नाहीत. ताईंना मात्र त्यांनी त्याच दिवशी फोन केला, हे नंतर वहिनींकडून कळलं. माझ्याशी ते आजवर बोललेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी वहिनींची डायलिसिसची खेप होती. मी साताऱ्याला गेलो. सुभेदार मला येताना बघून उठून बाहेर निघून गेले. वहिनी खाटेवर होत्या, हाताला नळ्या लावलेल्या, शेजारी मशीन फिरत होतं. मी स्टुलावर बसलो आणि सांगितलं. या वेळी कोण काय म्हणालं त्यातलं काही सांगितलं नाही. मला दिसलं होतं आणि मी बोललो नाही, एवढंच.

वहिनी माझ्याकडं न बघता छताकडं बघत होत्या. त्यांना समजलं की नाही, असं मला वाटलं. मी परत सांगायला लागलो.

"समजलं," त्या म्हणाल्या. मग जरा वेळानं म्हणाल्या, "त्या दिवशी तुमी मला घिऊन आलासा, तवा तुमचं हात लय कापत हुतं बगा. स्टेरिंग धरवंना तुमास्नी. मी मागनं बघत हुते."

मी दोन्ही हात मांडीखाली घातले.

"मला वाटलं," वहिनी म्हणाल्या, "माज्यासाठी कापत्यात."